अंजनीवरची अळी

“दादा, गाडी थांबव जरा,” कुमुद म्हणाली.

माधवदादांनी दचकून ब्रेक मारला. मी त्यांच्या शेजारी बसलेलो, कुमुद मागच्या सीटवर आडवी. आम्हा दोघांनाही वाटलं, हिला पुन्हा उलटी येणार. मी पिशवी शोधायला लागलो, तोवर ती दार उघडून खाली उतरलीसुद्धा. रवळनाथाची देवराई तिथं रस्त्याला अगदी चिकटून आहे. अंजनीची एक फांदी राईच्या दगडी गडग्यावरून बाहेर रस्त्यावर झुकली होती आणि तिच्याखाली ही बाई मान वर करून उभी.

“अहो, तिथंच थांबा. सावली पाडू नका.”

मी थांबलो. लग्न झाल्यापासून हेच ऐकत आलो होतो. देवळात गेलो तरी हिचं लक्ष देवाकडं नाही, दिव्यावर आलेल्या पतंगाकडं. कुणाच्या लग्नाला गेलो तर मांडवाच्या मागं जाऊन पानं उलटी करून बघणार. नव्या नवरीचा असला छंद बघून माझ्या आईनं कपाळाला हात लावला होता. मी मात्र त्यात हळूहळू ओढला गेलो. माझं पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान. तारा वाकवणं, जाळ्या बसवणं हा माझा हातचा मळ. हिच्या अळ्यांचे पिंजरे मीच करून द्यायचो.

पण त्या दिवशी मला फांदीकडं बघवत नव्हतं. आम्ही बेळगावच्या दवाखान्यातून परत येत होतो. सकाळी तिथल्या जिन्यात डॉक्टरांनी मला आणि माधवदादांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की गाठ यकृताची आहे आणि आता कापण्याजोगी राहिलेली नाही. मी विचारलं, “किती दिवस?” डॉक्टर माझ्याकडं न बघता म्हणाले, “दिवाळी नीट करा.” गणपती उठून तेव्हा थोडेच दिवस झाले होते.

माधवदादा म्हणजे कुमुदचे थोरले भाऊ. त्यांनी जिन्यातच ठरवून टाकलं. “दत्ताराव, तिला यातलं अक्षर कळता कामा नये. यातनं काही निघायचं नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? अल्सर आहे म्हणायचं. आशा असली की माणूस तग धरतं.” मी मान हलवली. आमच्याकडं अशा दुखण्याचं नाव आजाऱ्यासमोर काढतच नाहीत. माझ्या आईच्या वेळी काढलं नव्हतं, यांच्या वडिलांच्या वेळीही नाही. सगळ्या घराला ठाऊक असतं, अंथरुणावरच्या माणसाला तेवढं नसतं. जन्मभर हायस्कूलला जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला आपण अल्सर सांगतोय, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

“काय सापडलं?” मी विचारलं.

“तीच,” ती म्हणाली. तिचा आवाज एकदम शाळकरी मुलीसारखा झाला होता. “सहलीला मुलांना घेऊन यायची तेव्हा दोनदा दिसली होती बघा. दोन्ही वेळा पाळायला घेतली आणि मेली. हिचा पतंग कुठला, ते मी अजून बघितलेलं नाही.”

बोटाएवढी हिरवी अळी होती, कुशीला जांभळट पट्टा. मला त्यात विशेष काही दिसलं नाही. पण कुमुदचं म्हणणं असं, की अळी बघून पतंग सांगता येत नाही. अळीचं रूप एक, पतंगाचं भलतंच. तिला तिच्या झाडाची पानं घालायची, ती कोश विणेल त्याची वाट बघायची आणि त्यातून कोण निघतं ते डोळ्यांनी बघायचं, एवढाच मार्ग. आमच्या भागातल्या रानातले बहुतेक पतंग तिनं असेच ओळखून काढले होते. पोरांच्या लक्षात राहावीत म्हणून त्यांना मराठी नावंही दिली होती. एवढी एकच राहिली होती. अंजनीवरची.

माधवदादा गाडीत बसून डोळे पुसत होते. त्यांना वाटलं, बहीण किती भोळी आहे.

घरी आल्यावर कुमुदनं पहिलं काम काय केलं असेल तर खिडकीशी बसून भिंग काढलं आणि अळी डोक्यापासून शेपटीपर्यंत बघितली. बराच वेळ बघितली. मी समोर उभाच होतो.

“काय दिसतं?”

तिनं भिंग खाली ठेवलं. “काही नाही. बरी आहे. खाईल.”

“निघेल ना पतंग?”

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, “बघू की. पानं मात्र रोज ताजी लागतील. आणि राईतली तोडायची नाहीत हं, रवळनाथाला चालत नाही. ओढ्याच्या पलीकडं एक अंजनी आहे, तिथून आणा.”

राईतली काडीसुद्धा कुणी बाहेर नेत नाही, हा आमच्या गावचा रिवाज. त्यामुळं ओढ्यापलीकडं जायचं म्हणजे चांगली तंगडतोड होती. पण मी रोज सकाळी चहा घेऊन निघायचो. खरं सांगायचं तर घरात मला बसवत नव्हतं. तिच्यासमोर बसलं की तोंड सरळ ठेवावं लागायचं. “आज रंग बरा दिसतोय तुझा,” म्हणावं लागायचं. तिच्या डोळ्यांत पिवळेपणा उतरत होता आणि मी रंग बरा आहे म्हणत होतो. ओढ्यापलीकडं कुणी नसायचं. तिथं उभं राहून मी पोटभर रडायचो, तोंड धुवायचो आणि पानं घेऊन परत यायचो.

आणि ती अळी काय खायची म्हणता. मी फांदी ठेवली की दुसऱ्या दिवशी नुसते देठ. कुमुदचं जेवण दोन घासांवर आलं होतं आणि अळी दिवसेंदिवस फुगत होती. नकळत मी मनाशी गाठ बांधून टाकली, की ही नीट वाढली, हिचा पतंग निघाला, म्हणजे कुमुदही उठेल. डॉक्टरही चुकतात. मी नवसावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे, पण त्या दिवसांत त्या अळीला मनातल्या मनात हात जोडायचो.

रोज संध्याकाळी आमच्या लेकीचा, निवेदिताचा, भोपाळहून फोन यायचा. तिला आम्ही खरं सांगितलं होतं. आईशी हसून बोलायची आणि मग म्हणायची, “बाबांना दे.” मी फोन घेऊन परसात जायचो.

“बाबा, मी येते. मला इथं राहवत नाही.”

“येऊ नकोस, निवू. सुट्टी नसताना आलीस की तिला शंका येईल. दिवाळीला ये, दरवर्षीसारखी.”

“आणि तोवर…”

“तोवर काही होत नाही. पतंग निघायचाय अजून,” मी म्हणायचो. पोरीला वाटलं असेल, बापाचं डोकं फिरलं.

अळीनं दोन पानं जवळ ओढून मध्ये राखाडी कोश विणला. मी तो पिंजऱ्यात टांगला, खाली मातीचं ताट ठेवलं आणि पिंजरा कुमुदच्या खाटेसमोर, खिडकीच्या कट्ट्यावर मांडला. आता पानं आणायची नव्हती. नुसतं बघत बसायचं. सकाळी उठलो की आधी पिंजऱ्यात बघायचो, मग कुमुदकडं. ती जागीच असायची.

“आलं का काही?” ती विचारायची.

“आज नाही. उद्या येईल.”

“येईल,” म्हणायची आणि डोळे मिटायची.

एकदा ताटातल्या मातीत मला तांबूस-तपकिरी दाणे दिसले, गव्हापेक्षा थोडे फुगीर. मला वाटलं पानाबरोबर कसलं तरी बी आलं असेल. तसेच राहू दिले.

दिवाळी आठवड्यावर आली होती. सकाळी मी चहाचा कप घेऊन खोलीत आलो तर पिंजऱ्यात गुणगुण ऐकू आली. कुमुदला नुकतीच झोप लागली होती. मी वाकून बघितलं. चार-पाच दांडग्या करड्या माश्या जाळीवर धडका देत होत्या. मातीतल्या दाण्यांची टोपणं उडालेली. मी कोश हातात घेऊन उलटा केला. खालच्या अंगाला बारीकसं भोक होतं आणि कोश हलका लागत होता. आतून काही वाजलं नाही.

इतकी वर्षं कुमुदच्या संगतीत काढल्यावर मला एवढं तरी कळत होतं. माशीचं अंडं अळीवर पडतं, त्यातला किडा आत शिरतो आणि अळीला आतून खातो. अळीतून पतंग निघायचा नव्हताच. निघाल्या त्या माश्या.

मी कोश खाली ठेवला. तिथंच जमिनीवर बसलो. मला त्या अळीचं वाईट वाटलं नाही. मला कुमुद संपल्यासारखी वाटली. मग भानावर आलो आणि पहिला विचार आला तो हा, की हे तिला दिसता कामा नये. पिंजरा परसात नेला, माश्या हाकलून दिल्या, दाणे मातीसकट केळीच्या बुडाशी ओतले. कोशाचं एक टोक ब्लेडनं कापून उघडं केलं, पतंग त्यातून बाहेर आलाय असं दिसावं म्हणून. आता पतंग हवा होता.

घाटाच्या तोंडाशी तपासणी नाका आहे. तिथं रात्रभर मोठा दिवा जळतो आणि सकाळी भिंतीवर पतंग चिकटून बसलेले असतात. स्कूटर काढली आणि तिथं गेलो. भिंतीवरचे निम्मे मला ओळखीचे होते, तेवढे सोडले. मधोमध एक विटकरी रंगाचा बसला होता, पंखांवर बारीक ठिपके. माझ्या लेखी सगळे विटकरी पतंग सारखेच. हा अनोळखी आहे असं मी ठरवलं आणि डब्यात घेतला. नाक्यावरचा शिपाई म्हणाला, “मास्तरीणबाई बऱ्या झाल्या वाटतं. पतंग न्यायला लागलात म्हणून म्हटलं.” मी हो म्हणालो.

कुमुद जागी झाली तेव्हा पिंजरा जागच्या जागी होता आणि पतंग रिकाम्या कोशाशेजारी जाळीला धरून बसला होता.

“कुमुद, बघ कोण आलंय.”

मी तिला पाठीला उशी देऊन बसतं केलं आणि पिंजरा मांडीवर ठेवला. तिनं चष्मा लावला. पतंगाकडं बघितलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं, आनंदानं बोलती बंद झाली.

“भिंग द्या.”

भिंग दिलं. पतंग बघून झाल्यावर तिनं कोश मागितला. तो बोटांत धरून सावकाश फिरवला, कापलेलं टोक बघितलं, बुडाशी असलेलं भोक बघितलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिली.

“पेन आणा. आणि कार्डाची पट्टी. लेबल लिहू.”

“आत्ता? अजून जिवंत आहे तो.”

“आज माझा हात जरा चालतोय. तुम्ही सांगा, मी लिहिते.”

लेबलाचं सांगायला हवं. कुमुदच्या पेटीतल्या प्रत्येक पतंगाच्या टाचणीला नखाएवढं लेबल असायचं. कुठं सापडला, केव्हा, कुठल्या झाडावर, पाळलेला की पकडलेला, कुणी शोधला. लग्नानंतरच्या वर्षात मी हौसेनं एका चंद्रपतंगाचं लेबल लिहिलं होतं. सापडला होता घाटाखाली, एका चहाच्या टपरीवर. मी आपलं आमच्याच गावाचं नाव ठोकून दिलं, म्हटलं कोण बघायला येतंय. महिन्यानं माझ्याच बोलण्यातून तिला ते कळलं. तिनं तो पोपटी, लांब शेपट्यांचा देखणा पतंग टाचणीसकट बंबात टाकला. म्हणाली, “खोट्या लेबलाचा पतंग नसलेला बरा. पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो.” त्यानंतर माझ्या हातून तसं कधी झालं नव्हतं.

“सांगा. ठिकाण?”

“रवळनाथाची राई,” मी म्हणालो.

पेन कार्डावर टेकलं नाही.

“झाड?”

“अंजनी.”

पेन तसंच वर.

“पाळलेला की पकडलेला?”

मी पिंजऱ्याकडं बघितलं.

“सांगा की. लेबल आहे ते. मी काय लिहू?”

मला बंबातला तो पोपटी पंख दिसायला लागला. गेला महिनाभर मी हिच्याशी धडधडीत खोटं बोलत होतो आणि जीभ अडखळली नव्हती. पण ते पेन तसं धरलेलं बघितलं आणि माझ्याच्यानं होईना.

“नाक्यावरचा आहे,” मी म्हणालो. “भिंतीवर बसला होता. पकडलेला.”

तिनं लिहिलं. तपासणी नाका, भिंत, तारीख, पकडलेला. शाई सुकेपर्यंत फुंकर घातली.

“हा तीनखिडक्या आहे. काजूवरचा. आपल्याच परसातल्या काजूवर दरवर्षी याच्या अळ्यांचे घोस असतात आणि तुम्हीच रॉकेलचा बोळा घेऊन मागं लागता त्यांच्या. याचा कोश सोनेरी जाळीचा असतो, असा बंद नसतो. आणि पंखांच्या कडा बघा, उडून उडून फाटल्यात. नुकता निघालेला असा असतो होय?” मग कोश पुढं केला. “आणि हे. पतंग धागे ओले करून बाजूला सारतो, कापत नाही. हे मोटारीची तार कापावी तसं कापलंय.”

“माश्या निघाल्या, कुमुद,” मी म्हणालो. “सकाळी.”

“माहीत आहे मला.”

“तू झोपली होतीस.”

“आजचं नाही म्हणत. अळीच्या मानेवर पांढरं अंडं होतं, खसखशीएवढं. पहिल्याच दिवशी भिंगातून दिसलं. मानेवर घालते माशी, तिथं अळीचं तोंड पोचत नाही. नुसतं टरफल राहिलं होतं, किडा आत गेलेला.”

“मग ती एवढं खात कशी होती?”

“खाते. कोशसुद्धा विणते. आतला किडा तिला शेवटपर्यंत मारत नाही. तिला बिचारीला कळत नसतं.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “अळीला कळत नसतं.”

तिचा रोख मला कळला. तरी विचारलं, “मग मला का नाही सांगितलंस? मी मूर्खासारखा रोज पानं आणत होतो.”

“कसं सांगू? बेळगावहून आल्यापासून तुम्ही नीट जेवत नव्हता. रोज सकाळी पानं आणायला निघायचात तेव्हाच काय तो तुमच्या तोंडावर थोडा उजेड असायचा. यातनं काही निघायचं नाही, हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगायचं?”

जिन्यातलं माधवदादांचं वाक्य होतं ते, शब्दाला शब्द. भाऊ-बहीणच ती.

कुमुदनं दुसरी पट्टी घेतली. पेन पुन्हा वर धरलं.

“आता हे लेबल. ठिकाण सांगा.”

“कशाचं?”

“माझं.”

मी हात जोडले. खरंच जोडले. “कुमुद, नको.”

“ठिकाण?”

“यकृत.”

“तिथंच आहे, की पुढं गेलंय?”

“गेलंय.”

“डॉक्टर काय म्हणाले? नेमकं काय म्हणाले ते सांगा. तुमच्या मनाचं नको.”

“दिवाळी नीट करा म्हणाले.”

तिनं त्या पट्टीवर काही लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं, पिंजरा बाजूला सरकवला आणि आडवी झाली. तोंड भिंतीकडं केलं. तिची पाठ हलत होती. मी खाटेवर बसून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडलो, ओढ्यापलीकडं रडायचो तसा, आवाज करून. आता लपवायचं कुणापासून?

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “ओळखलं होतं मी. वजन कळतं, डोळे आरशात दिसतात. पण तुम्ही बोलायचा नाही आणि मी विचारलं तर तुम्हाला पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं. एकटी पडले होते हो मी या घरात.”

मी तिच्या पायांशी डोकं ठेवून बसलो.

“निवूला फोन लावा,” ती म्हणाली. “तिला म्हणावं, दिवाळीची वाट बघू नकोस. आजच निघ. आणि मला द्या फोन. रोज हसून हसून गाल दुखायला आलेत आम्हा दोघींचे.”

फोन झाला. दोघी किती वेळ नुसत्या रडत होत्या. नंतर तिनं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि म्हणाली, “त्या माश्या कुठं आहेत?”

“हाकलून दिल्या.”

“हाकलून दिल्या?” इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. “अहो, त्या तरी ठेवायच्या होत्या. अंजनीवरच्या या अळीला माशी लागते, हे कुठं कुणी लिहिलंय? पतंग नाही तर नाही, जे निघालं ते तरी खरं होतं की. इतकी वर्षं माझ्याबरोबर काढून तुम्ही माश्या हाकलल्यात.”

मी केळीच्या बुडाशी जाऊन माती चिवडली. एका दाण्याचं फुटकं टरफल मिळालं. ते मी बशीत घालून आणलं आणि तिनं त्याचं लेबल लिहिलं, वेडंवाकडं, चार वेळा थांबून. नाक्यावरचा पतंग तिनं मला संध्याकाळी परसात सोडायला लावला. काजूवर जाऊन बसला.

निवेदिता दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीनं आली ती मोठी रजा टाकूनच. माधवदादा आले, त्यांनी आधी माझ्यावर डोळे वटारले आणि मग बहिणीच्या गळ्यात पडून लहान मुलासारखे रडले. त्या दिवाळीत आमच्या घरात फराळाचं काही झालं नाही, पण बोलणं खूप झालं. कुमुदनं कुठली साडी कुणाला, पतंगांच्या पेट्या कुठल्या कॉलेजला, सगळं सांगितलं. कुठं दुखतंय तेही सांगायला लागली, आणि दुखलं की माझा हात धरून मोठ्यानं कण्हायची. इतके दिवस ती तेही दाबून धरत होती. मला त्याचंच सगळ्यात जास्त लागलं. दिवाळी तिनं नीट केली. तुळशीच्या लग्नाच्या आधी गेली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गणपती उठले की मी राईजवळच्या त्या फांदीखाली जाऊन मान वर करून उभा राहतो. जाणारे-येणारे हसतात, हसेनात. काही वर्षं काहीच दिसलं नाही. एकदा अळी दिसली, पण भिंगातून मानेवर ते पांढरं अंडं दिसलं. तिला तशीच ठेवून परत आलो.

गेल्या वर्षी दिसली तिची मान स्वच्छ होती. तीन-तीनदा बघितली. घरी आणली, ओढ्यापलीकडची पानं घातली. आता त्या चढावर मला दम लागतो, वाटेत दोनदा बसावं लागतं. कोश झाला. कुमुदच्या खाटेसमोरच्या कट्ट्यावर टांगला. आणि एका दुपारी मी जेवून आलो तर कोशाचं टोक ओलं झालेलं, धागे बाजूला सारलेले, आणि खाली एक पतंग पंख वाळवत लटकलेला.

मोठा नव्हता. राखाडी, पंखांच्या मुळाशी जांभळट झाक, बाकी काही नाही. रस्त्यात दिसला असता तर मी वळून बघितलं नसतं. एवढ्याचसाठी जीव टाकत होती बाई. मला हसू आलं आणि मोठ्यानं म्हणालो, “कुमुद, बघ कोण आलंय.” मागच्या वेळी हेच शब्द वापरले होते, ते म्हणाल्यावर आठवलं. मग मला खुर्चीत बसावं लागलं.

पतंग मारायची तिची बाटली मी वापरली नाही. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं होतं, पण तो गेला नाही. काही खातही नव्हता. एक दिवस कट्ट्यावर पडलेला सापडला. तिच्या पद्धतीनं पंख पसरून टाचणी लावली आणि कार्डाची पट्टी कापली. ठिकाण, रवळनाथाची राई. झाड, अंजनी. तारीख. पाळलेला. नावाची जागा कोरी सोडली, कारण मला नाव माहीत नाही आणि ज्या कुणाला माहीत असेल तो भरेल.

शेवटी राहिलं, शोधणाऱ्याचं नाव. तिथं मला कुमुदचं नाव लिहायचं होतं. फार लिहायचं होतं. पेन हातात धरून किती वेळ बसलो होतो कोण जाणे, निवेदिताचा संध्याकाळचा फोन वाजून बंदसुद्धा झाला. पण अळी मी शोधली होती. पट्टीवर खाली बारीक अक्षरात मी माझंच नाव लिहिलं आणि शाई सुकेपर्यंत फुंकर घातली.